दूरचें महायुद्ध आणि झाडीचा शेतकरी

तोफेचा आवाज जेथवर जातो तेथवरच युद्ध, असा पुष्कळांचा समज असतो. शेतकऱ्याचा अनुभव याहून निराळा आहे. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत वैनगंगेच्या कांठच्या गांवांवर एकहि बाँब पडला नाहीं, कीं शत्रूचा एकहि शिपाई तेथें दिसला नाहीं. तरीहि धानाचा भाव, रोवण्याची मजुरी, धोतरजोडीची किंमत, दिव्यांतलें रॉकेल, तापावरची पुडी आणि रानांतला साग, या सर्वांवर त्या युद्धाचा हात फिरला. हें कसें घडलें, तें युद्ध मुळांत कां पेटलें आणि त्यापासून आजच्या खातेदारानें काय घ्यावें, याचा विचार चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या, दृष्टीनें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

युद्धाचें मूळ

दुसऱ्या महायुद्धाचें कारण शाळेच्या पुस्तकांत एका वाक्यांत दिलेलें असतें: १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली आणि दोन दिवसांनीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. ठिणगी कोठें पडली हें यावरून कळतें. गंजी इतकी वाळली कशी होती, हें मात्र कळत नाहीं.

पहिलें महायुद्ध संपल्यावर २८ जून १९१९ रोजीं व्हर्सायचा तह झाला. त्या तहानें जर्मनीवर युद्धाचा दोष ठेवला, जबर खंडणी लादली आणि तिचा कांहीं मुलूख काढून घेतला. ती जखम भरून येण्यापूर्वीच १९२९ सालीं अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला व जगभर मंदी पसरली. या मंदीचा पहिला तडाखा शेतकऱ्यास बसला. आपल्या देशांत दोनतीन वर्षांत शेतमालाचे भाव सुमारें निम्म्यावर आले. सारा आणि सावकाराचें व्याज मात्र रुपयांत ठरलेलें असल्यामुळें तसूभरहि उतरलें नाहीं. पूर्वी एक खंडी धान विकून जें देणें फिटत असे, त्यास दोन खंडी धान लागूं लागलें.

हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांनीं अन्य देशांतहि घडत होती. जर्मनींत १९३२ च्या सुमारास साठ लाखांच्या घरांत माणसें बेकार झालीं. कर्जानें गांजलेल्या उत्तर जर्मनीच्या शेतकऱ्यांनीं हिटलरच्या पक्षास भरभरून मतें दिलीं आणि जानेवारी १९३३ मध्यें तो सत्तेवर आला. जपानचा लहान शेतकरी रेशमाच्या किड्यांवर जोडउत्पन्न मिळवीत असे व तें रेशीम अमेरिकेंत खपत असे. मंदीनें तें गिऱ्हाईक गेलें आणि ईशान्य जपानांत उपासमार सुरू झाली. तेथील लष्करांत शेतकऱ्यांचे पुष्कळ मुलगे होते. परक्यांचा मुलूख घेतल्यावांचून आपल्या गांवाचें दैन्य फिटणार नाहीं, हा सेनापतींचा उपदेश त्यांस पटला. १९३१ सालीं जपाननें मांचुरिया घेतला व १९३७ सालीं चीनवर उघड स्वारी केली. १९३५ सालीं इटलीनें हबसाणावर हल्ला केला. प्रत्येक वेळीं राष्ट्रसंघानें निषेध केला व प्रत्येक वेळीं तो निषेध कागदावरच राहिला. १९३८ सालीं म्यूनिक येथें इंग्लंड-फ्रान्सनीं झेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरास तोडूं दिला, तेव्हां तर भिण्याचें कारणच उरलें नाहीं, असें त्यानें मानलें.

हिटलरच्या महत्त्वाकांक्षेचें एक अंग शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत घ्यावें. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांच्या नाकेबंदीनें जर्मन जनता अन्नावांचून पोळली होती. पुनः तसें होऊं नये म्हणून युक्रेनची काळी, कसदार जमीन जिंकून तेथें जर्मन शेतकरी वसवावा, हा त्याचा जाहीर बेत होता. २२ जून १९४१ रोजीं रशियावर झालेल्या स्वारीमागें हा जमिनीचा लोभ होता आणि तेथील मूळच्या रहिवाशांस उपाशी मारण्याची योजनाहि त्यांतच होती. वंशाचा अहंकार व सत्तेचा मद हीं कारणें आहेतच; परंतु पडलेले भाव, बुडालेलें कर्ज आणि जमिनीची हाव यांचें खत मिळाल्यावांचून तें विषारी पीक इतकें माजलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

कापूस गेला, मग तांदूळ गेला

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत असल्याचें जाहीर केलें. लोकांनीं निवडलेल्या एकाहि प्रतिनिधीस त्यांनीं विचारलें नाहीं. या कारणानें काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. मध्यप्रांत-वऱ्हाडचें पंडित रविशंकर शुक्ल यांचें मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ मध्यें गेलें व पुढें १९४६ पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हातीं राहिला. संकटाच्या सहा वर्षांत रयतेचें गाऱ्हाणें मांडण्यास कायदेमंडळच नव्हतें, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना विसरतां येत नाहीं.

चांदा जिल्ह्याचे शेतीच्या दृष्टीनें दोन भाग पडतात. पश्चिमेस वर्धा नदीकडे वरोऱ्याची काळी जमीन, कापूस व ज्वारीची. पूर्वेस ब्रह्मपुरी-गडचिरोलीची झाडी, बांध्या, बोड्या व मालगुजारी तलावांच्या भरवंशावरील धानाची. युद्धाची पहिली झळ पश्चिमेस लागली. आपल्या आंखूड धाग्याच्या कापसाचें मोठें गिऱ्हाईक जपान होतें. जुलै १९४१ मध्यें जपानशीं व्यवहार गोठविण्यांत आला आणि तें गिऱ्हाईक एका दिवसांत नाहींसें झालें. लांब धाग्यास गिरण्यांत मागणी वाढत असतां आंखूड धाग्याचा कापूस पडून राहूं लागला. कापूस कमी करून ज्वारी पेरा, असा सल्ला सरकारी अधिकारी देऊं लागले. सल्ला योग्य होता, पण ज्याच्या घरांत आधींच कापसाच्या गांठी पडल्या होत्या त्याचें नुकसान त्यानें भरून निघालें नाहीं.

पूर्वेकडील धानवाल्याचें दैव उलट दिशेनें फिरलें. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपान युद्धांत उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें व ८ मार्च रोजीं रंगून पडलें. ब्रह्मदेशांतून हिंदुस्थानांत दरसाल दहा ते वीस लाख टन तांदूळ येत असे, तो बंद झाला. देशांत पिकणाऱ्या एकंदर तांदळाच्या मानानें हा भाग शेकडा पांचसहाच भरेल. मग एवढ्यानें भाव इतके कां भडकले, असा प्रश्न सहज मनांत येतो. याचें उत्तर प्रत्येक धानवाल्यास ठाऊक आहे, केवळ त्याचा त्यानें या दृष्टीनें विचार केलेला नसतो. पिकलेला सगळा तांदूळ बाजारांत येत नाहीं. मोठा हिस्सा पिकविणाऱ्याच्याच घरीं खाल्ला जातो, बियाण्यास राहतो, मजुरीच्या रूपानें वांटला जातो. बाजारांत येतो तो उरलेला भाग. परदेशी तांदूळ तुटला कीं ती सगळी तूट या उरलेल्या भागावर पडते. त्यांत उद्यां आणखी महागेल या धास्तीनें व्यापारी माल दडवितो, सधन शेतकरी कोठार उघडीत नाहीं आणि गिऱ्हाईक चार पायल्यांऐवजीं आठ पायल्या मागतो. तूट पांचसहा टक्क्यांची, महागाई दुपटीतिपटीची, हें गणित असें जुळतें.

या गणिताचें भीषण रूप १९४३ सालीं बंगालांत दिसलें. तेथें अवर्षण मोठें नव्हतें. तरी पंधरा ते तीस लाख माणसें भुकेनें व भुकेमागून आलेल्या रोगांनीं मेलीं. लष्करासाठीं खरेदी, शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून काढून घेतलेल्या नावा, प्रांताप्रांतांतील धान्यबंदी, साठेबाजी आणि सरकारची दिरंगाई अशीं अनेक कारणें त्यास झालीं. आपल्या झाडींत तशी वेळ आली नाहीं. त्याचें श्रेय बरेंचसें तलावांस आहे. आसोलामेंढा, घोडाझरी यांसारखे मोठे तलाव आणि गांवोगांवच्या पूर्वजांनीं बांधलेल्या बोड्या यांच्या पाण्यावर धान उभें राहिलें. धानामागून त्याच ओलींत लाखोळी व जवस निघालें.

नोटांचा पूर

धान महागलें म्हणजे धानवाला श्रीमंत झाला, असें शहरांत बोललें जात असे. तें अर्धेंच खरें होतें. इंग्लंड सरकारनें युद्धासाठीं येथें अफाट माल व सेवा घेतल्या. त्यांची किंमत लंडनमध्यें पौंडांच्या खात्यांत जमा होई आणि त्या जमेच्या आधारावर येथें रिझर्व्ह बँक नव्या नोटा छापी. युद्ध सुरू होतांना देशांत सुमारें १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपण्याच्या सुमारास त्या १,१०० कोटींच्या वर गेल्या. माल वाढला नाहीं, उलट कापड, लोखंड व रॉकेल लष्कराकडे गेलें. पैसा मात्र सहापट झाला. १९४४-४५ पर्यंत घाऊक भाव युद्धापूर्वीच्या जवळजवळ अडीचपट झाले. १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली गेली व एक रुपयाची नोटहि चलनांत आली. जुने अस्सल रुपये लोकांनीं मडक्यांत पुरले, हें स्वाभाविकच होतें.

ज्या खातेदाराजवळ घरखर्च भागून विकण्याजोगें धान उरत होतें, त्याचें जुनें कर्ज या काळांत हलकें झालें. मंदीनें त्यास ज्या मार्गानें बुडविलें त्याच मार्गानें महागाईनें त्यास वर काढलें: देणें रुपयांत ठरलेलें, आणि रुपया स्वस्त झालेला. परंतु ज्याची जमीन दोन-तीन एकरच होती व जो पावसाळ्यांत धान विकत घेऊन खात होता, त्यास महागाई तेवढी भोगावी लागली. भूमिहीन मजुराची स्थिति याहून वाईट झाली. जेथें मजुरी धानांतच मिळे तेथें तो कसाबसा तरला; जेथें ती पैशांत ठरलेली होती तेथें मजुरी भावाच्या मागें लंगडत राहिली. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घराणीं पहिल्या वर्गांतील आहेत. महायुद्धाचे दिवस बरे होते, असें कांहीं घरांतून सांगितलें जातें. तें ऐकतांना ज्याच्या हातांनीं त्या बांध्यांत रोवणा झाला त्याच्या घरीं तेच दिवस कसे गेले, याची आठवण आम्ही कर्तव्य म्हणून देतों.

१९४२ पासून सरकारनें ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम काढली, पुढें धान्याची सक्तीची खरेदी व शिधावाटप आलें. कापडावर १९४३ च्या जूनपासून नियंत्रण आलें. नियंत्रण नसतें तर शहरांतील गरीब मेला असता, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ज्या भावानें सरकार धान उचलीत होतें त्या भावानें शेतकऱ्यास धोतर, नांगराचा फाळ व बंडीची धांव मिळत नव्हती. एका मालाचा भाव बांधून दुसऱ्याचा मोकळा सोडला म्हणजे काळा बाजार आपोआप उभा राहतो.

रान आणि ताप

ब्रह्मदेश गेला तसा तेथील सागहि गेला. पूल, तळ, गोद्या, आगगाडीचे डबे आणि रुळांखालचे स्लीपर या सर्वांसाठीं लाकूड हवें होतें. त्याचा भार देशांतील जंगलांवर पडला. आलापल्लीचा साग प्रसिद्धच आहे. १९२९ पासून दिल्ली-मद्रास लोहमार्ग बल्लारशावरून काझीपेठकडे जात असल्यामुळें येथील लाकूड व कोळसा देशाच्या दोन्ही टोकांस पाठविणें सोपें होतें. देशभर युद्धकाळांत वनखात्याच्या ठरलेल्या आंखणीपलीकडे तोड झाली, हें पुढें मान्य करण्यांत आलें. सागाचें झाड पुरतें भरण्यास साठ-ऐंशी वर्षें लागतात. सहा वर्षांत तोडलेल्या झाडांचा हिशेब तीन पिढ्यांनीं फेडावयाचा असतो. रानांत राहणाऱ्या माडिया-गोंडांस या कामावर मजुरी मिळाली, पण मोह, चारोळी, हिरडा व डिंक देणारें रान विरळ झालें, तेंहि त्यांच्याच अंगणांतलें.

औषधाची गोष्ट याहून कठीण. जगांत लागणाऱ्या सिंकोना सालीपैकीं सुमारें शेकडा नव्वद जावा बेटांतून येत असे. मार्च १९४२ मध्यें जावा जपानच्या हातीं पडलें आणि क्विनीन दुर्मिळ झालें. निलगिरी व दार्जिलिंगकडील मळे देशाची गरज भागविण्यास अपुरे होते आणि जें मिळे त्यावर लष्कराचा पहिला हक्क होता. झाडींत हिंवताप नेमका भाद्रपद-आश्विनांत येतो. त्याच वेळीं धान निसवतो, निंदण संपतें व हलक्या धानाची कापणी तोंडावर असते. घरांतील दोन माणसें थंडीतापानें पडलीं कीं पीक उभें असून हातचें जातें. १९५३ सालीं राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण योजना सुरू होईपर्यंत या रोगाशीं झुंज एकट्यादुकट्यानेंच चालली होती; गडचिरोलीची ती झुंज तर अद्यापहि पुरती संपलेली नाहीं.

चिमूर

या जिल्ह्यास युद्धाचा रक्तरंजित स्पर्श झाला तो चिमुरास. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस ‘छोडो भारत’चा ठराव झाला व दुसऱ्या दिवसापासून पुढारी तुरुंगांत गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनीं जागृत झालेल्या चिमूर गांवांत १६ ऑगस्ट रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, मिरवणूक निघाली. पोलिसांच्या गोळीबारांत बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. खवळलेल्या लोकांनीं सरकारी अधिकाऱ्यांचा जीव घेतला. कांहीं दिवस गांवावर सरकारचा अंमल उरला नाहीं. मग लष्कर व पोलीस आले आणि त्यांनीं घराघरांत जो अत्याचार केला, विशेषतः स्त्रियांवर, त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनीं ६३ दिवसांचें उपोषण केलें. तें १२ जानेवारी १९४३ रोजीं सुटलें. चिमूर व आष्टीच्या खटल्यांतील फांशीच्या शिक्षांविरुद्ध देशभर आवाज उठला व १९४५ सालीं त्या जन्मठेपेंत बदलल्या गेल्या. लोकशाहीसाठीं लढतों असें जगास सांगणाऱ्या सरकारनें आपल्याच रयतेस कसें वागविलें, हें चिमूरनें दाखविलें. युद्ध जिंकूनहि इंग्रजांचें राज्य दोन वर्षांत कां गेलें, याचें एक उत्तर अशा गांवांत आहे.

युद्धानंतर

ऑगस्ट १९४५ मध्यें युद्ध थांबलें. हिंदुस्थानचे सुमारें पंचवीस लाख जवान त्यांत लढले. त्यांपैकीं ८७ हजारांच्या वर परत आले नाहींत. १९४१ सालीं उभी राहिलेली महार पलटण व इटलींत नांव गाजविणारी मराठा पलटण यांचा त्यांत वाटा होता. १९४५ सालींच बल्लारपूरच्या कागदगिरणीची कंपनी स्थापन झाली आणि येथल्या बांबूस नवा धनी मिळाला. त्याच वर्षीं १६ ऑक्टोबर रोजीं जगाच्या अन्न व शेती संघटनेचा जन्म झाला. भुकेल्या राष्ट्रांत शांतता टिकत नाहीं, एवढें तरी पुढाऱ्यांस उमगलें होतें. १९५१ सालीं मालगुजारी व जमीनदारी गेली. कूळ मोकळें झालें, हें फार चांगलें झालें. परंतु तलावांची निगा मालगुजाराबरोबर गेली व सरकारी खात्यानें ती तितक्या आस्थेनें घेतली नाहीं. ज्या बोड्यांनीं १९४३ सालीं झाडी तारली, त्यांपैकीं कित्येक पुढील वर्षांत गाळानें भरल्या.

आजच्या खातेदारास

हा सर्व इतिहास झाला, असें कोणी म्हणेल. परंतु २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां त्याच काळ्या जमिनीवर पुनः युद्ध आलें आणि त्याचा धक्का पुनः आपल्या बांधीपर्यंत पोहोंचला. आपला देश पालाश सर्वस्वीं परदेशांतून आणतो. स्फुरदाचा दगड आणि युरियासाठीं लागणारा वायु यांचाहि मोठा भाग बाहेरून येतो. त्या वर्षाच्या खरिपांत डीएपीची पिशवी आपल्यास १,३५० रुपयांस मिळाली, पण तिच्यावर सरकारास २,५०१ रुपये भरावे लागले. २०२२-२३ सालीं खतांवरील सरकारी खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरांत गेला. पुढें महागाईच्या व पावसाच्या धास्तीनें २० जुलै २०२३ रोजीं पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. ती २८ सप्टेंबर २०२४ रोजीं उठली. १९४२ प्रमाणेंच खाणाऱ्याचें रक्षण करतांना पिकविणाऱ्याचा भाव बांधला गेला.

यावरून आम्हांस चार गोष्टी सुचतात. पहिली, तेजीच्या वर्षीं जमीन वा वाहन कर्जानें घेऊं नये. जुनें देणें फेडावें, कारण तेजीमागून मंदी येते व देणें रुपयांतच राहतें. दुसरी, बोड्यांचा गाळ उन्हाळ्यांत काढून तो बांध्यांत टाकावा. पाण्याचा साठा वाढतो व खताची एक पिशवी वांचते. तिसरी, बियाणें आपल्या हातीं ठेवावें. नागभीड तालुक्यांतील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनीं अल्प जमिनीवर, केवळ निरीक्षणानें एचएमटी धान निवडून काढलें. तें कोणत्याहि बंदरावर अडकणारें नव्हतें. चौथी, मजुराची मजुरी ठरवितांना तिचा कांहीं भाग धानांत देण्याची जुनी रीत, त्याची संमति असेल तेथें, सोडूं नये. महागाईच्या वर्षीं तीच त्याचें कुटुंब तारते, आणि तें कुटुंब तरलें तरच पुढचा रोवणा होतो.

युद्ध थांबविणें आपल्या हातीं नाहीं. खरीप येण्यापूर्वी आपल्या गांवच्या बोडींत किती गाळ आहे हें मोजणें मात्र आहे. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं या उन्हाळ्यांत एवढें तरी काम हातीं घ्यावें, अशी आमची विनंति आहे.